झोप कुठल्या जागी उडाली? बेळगाव भागातल्या नवख्यांसाठी पहिली शॉर्टफिल्म

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मला गाठतं. कधी खडेबाजारात चहाच्या गाड्यावर, कधी फोनवर. पूर्वी मुलगेच असायचे, आता मुलीही असतात. बोलणं साधारण एकच. "दादा, परवा एक पिक्चर बघितला. रात्रभर झोप नाही. मला पण पिक्चर काढायचाय. कॅमेरा कुठला घेऊ?"

कॅमेऱ्याचं मी सांगत नाही. उलट विचारतो, "झोप कुठल्या जागी उडाली?"

"म्हणजे? सगळाच भारी होता की."

हे 'सगळाच भारी' जोवर डोक्यात आहे तोवर माणूस प्रेक्षकच राहतो. प्रेक्षक असणं काही कमीपणाचं नाही. पण पडद्याच्या पलीकडं जायचं असेल तर नेमकी जागा सापडायला हवी. बाई दार लावून घेते तेव्हा? की दार लागल्यावर तिकडं उभा असलेला मुलगा दोन सेकंद काहीच बोलत नाही तेव्हा? हा लेख त्या दोन सेकंदांपासून सुरू होतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात राहणाऱ्या, हातात फक्त फोन असणाऱ्या आणि ओळखीत कोणी 'लाइनीतलं' नसणाऱ्या माणसासाठी तो आहे.

आधी आपल्याच भागातला एक पोरगा

व्ही. शांताराम कोल्हापूरचे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यांचं कुटुंब हुबळीला आलं होतं, तिथं ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम करत आणि संध्याकाळी एका पत्र्याच्या थिएटरात पडेल ते काम करत, हे फारसं कोणी सांगत नाही. हुबळी म्हणजे आपल्यापासून शंभरेक किलोमीटर. दाराशी उभं राहायचं, बोर्ड रंगवायचे आणि त्या बदल्यात रोज तोच सिनेमा पुन्हा पुन्हा बघायचा. १९२० मध्ये ते कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेले, ते ही शिदोरी घेऊन. बाबूरावांची तर आणखी तऱ्हा. त्यांनी कॅमेराच स्वतः बनवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला.

यातली एकच गोष्ट उचला. शांतारामबापूंनी शंभर वेगवेगळे सिनेमे एकेकदा बघितले नव्हते, थोडे सिनेमे पुष्कळ वेळा बघितले होते. फोनवर रोज नवीन काहीतरी बघणाऱ्या आपल्याला हेच जड जातं.

पहिली पायरी: वही घेऊन बघा

शंभर पानी वही घ्या. झोप उडवणाऱ्या सिनेमातला पाच मिनिटांचा एकच प्रसंग निवडा. मारामारी किंवा गाणं नको, दोन-तीन माणसं बोलताहेत असा घ्या. आता तो तीनदा बघायचा.

पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून. प्रत्येक वेळी चित्र बदललं की थांबवा आणि एक ओळ लिहा: कितवा तुकडा, साधारण किती सेकंद, चौकटीत कोण, कॅमेरा जवळ की लांब, डोळ्यांच्या उंचीवर की खाली. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा 'साधा बोलण्याचा सीन' वाटत होता त्यात साठावर तुकडे निघाले आणि माझी संध्याकाळ गेली. त्या संध्याकाळी जे शिकलो ते नंतर कोणत्या व्हिडिओत शिकलो नाही. बोलणाऱ्याचा चेहरा दाखवतात त्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा जास्त दाखवतात, हे मला तिथं कळलं.

दुसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त आवाज. संवाद सोडून काय काय ऐकू येतं ते लिहा. पंखा, लांबचं कुत्रं, भांडं ठेवल्याचा आवाज. हे आपोआप आलेलं नाही. कोणीतरी ठरवून तिथं ठेवलंय.

तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र, आणि प्रत्येक तुकड्यापुढं एकच प्रश्न: इथंच का कापलं? अर्ध्या जागी उत्तर सापडणार नाही. ती जागा रिकामी सोडा. महिन्याभरानं परत बघा.

सत्यजित राय यांची एक सवय आणखी कामाची आहे. एखाद्या पुस्तकावर सिनेमा येणार असं कळलं की ते आधी स्वतःच त्याची पटकथा लिहून काढत आणि मग सिनेमा बघून ताडून पाहत. आपल्याला हे फुकटात करता येतं. वाचनालयातून एखादी कथा आणा जिच्यावर सिनेमा झालाय पण तुम्ही तो बघितलेला नाही. त्यातला एक प्रसंग स्वतःच्या तुकड्यांत लिहा, मग बघा. आपलं त्यापेक्षा बरं वाटलं तर कोणाला सांगू नका, पण पान जपून ठेवा.

या पायरीला दीड-दोन महिने द्या. कॅमेरा याच्या आधी घेतला तर तो कपाटात पडतो. माझा एक वर्ष पडून होता.

दुसरी पायरी: वाटाण्याएवढा विषय

१९१०-११ च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरचा चित्रपट बघितला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर यावेत असं त्यांच्या मनानं घेतलं, ही गोष्ट शाळेतल्या पुस्तकापासून आपण ऐकत आलोय. मधला भाग सुटतो. त्यानंतर ते सिनेमे बघत बसले ते इतके, की डोळ्यांवर परिणाम झाला. १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला. आणि लगेच 'राजा हरिश्चंद्र' केला का? नाही. आधी कुंडीत वाटाणा लावला आणि तो उगवताना दिवसेंदिवस एकेक चौकट टिपत छोटी फिल्म केली. ती दाखवून पैसे उभे केले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला तो त्यानंतर.

आपल्याकडं उलटं होतं. पहिलाच विषय शिवरायांचा, नाहीतर थेट सीमाप्रश्न. दोन्ही माझ्याही जिव्हाळ्याचे आहेत. आमच्या घरात १९५६ चा, म्हणजे बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्याचा, विषय निघाला की अजून जेवण थंड होतं. पण पहिल्या फिल्मला भाषणाचा मोह फार होतो आणि ऐंशी घोडे कोणाकडं नसतात. शिवाय भाषण ऐकायला लोक फिल्म बघत नाहीत.

तुमची पहिली फिल्म तीन ते पाच मिनिटांची असावी. एक जागा, दोन माणसं, एक वस्तू. एकाला काहीतरी हवंय आणि ते सहज मिळत नाहीये. बस्स.

सीमाभागात अशा गोष्टी पावलोपावली पडल्यात, आपण रोज त्यांच्यावरून चालतो म्हणून दिसत नाहीत. बसचा बोर्ड कन्नडमध्ये, आणि आजोबा दर बसला "ही खानापूरला जाते काय?" विचारतात. वाद पेटला की दोन्हीकडच्या बस थांबतात आणि कोगनोळीजवळ माणसं पिशव्या डोक्यावर घेऊन चालत हद्द ओलांडतात. कॅम्पमधल्या बेकरीत काम करणारा मुलगा मालकाशी कन्नड, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि आईशी फोनवर मराठी बोलतो, आणि एकदा चुकून आईशी कन्नड बोलून जातो.

मी दुसऱ्या फिल्मला घेतलेली गोष्ट सांगतो, म्हणजे पुढच्या पायऱ्यांना तिचाच दाखला देता येईल. येळ्ळूरकडच्या एका घराचं अंगण. शेताचा उतारा आलाय. तो कन्नडमध्ये. आजीला कन्नड बोललेलं कळतं, वाचता येत नाही. नात कन्नड माध्यमात शिकते. आजी म्हणते, "वाच की गं, काय लिहिलंय." नात वाचते आणि थांबते. उताऱ्यावर काकाचं नाव आहे, आजीचं नाही. नात ते वाचून दाखवते की नाही, एवढीच फिल्म.

तिसरी पायरी: एक पान

पटकथेचं साधारण गणित असं की एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. तीन मिनिटांना तीन पानं. त्यात फक्त दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच लिहायचं. 'आजीला वाईट वाटतं' असं लिहिलं तर शूटिंगच्या दिवशी तुम्ही काय टिपणार? 'आजी पदराच्या टोकानं चष्मा पुसते, चष्मा स्वच्छच आहे' असं लिहा.

संवाद आपल्या भाषेत लिहा. पुण्याच्या मालिकेतल्यासारखं 'तू काय करतो आहेस?' आपल्याकडं कोण बोलतं? "काय करालास?" असंच लिहा. लिहून झालं की मोठ्यानं वाचा. जीभ जिथं अडखळते तिथली ओळ खोटी आहे.

मग पानाच्या कडेला तुकडे पाडा. आमच्या फिल्मला अकरा तुकडे ठरवले होते. चित्र काढता येत नसेल तर काडीची माणसं चालतात.

चित्ररथ हीच आपली शाळा

इथं जरा थांबतो, कारण हे आपल्या लोकांना सांगावं लागतं याचं मला नवल वाटतं. बेळगावात शिवजयंतीच्या मिरवणुकीत जे सजीव देखावे होतात त्यात तुम्ही कधी काम केलंय का? ट्रॉलीवर उभा केलेला पुठ्ठ्याचा बुरूज, जनरेटरवरचे दिवे, आधी रेकॉर्ड करून आणलेले संवाद, त्यावर ओठ हलवणारा अफजलखान, दाढी सुटली म्हणून धावणारा माणूस, आणि हे सगळं रात्रभर, चालत्या गाडीवर. नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश, ध्वनी, गर्दी सांभाळणं, वेळ पाळणं, सगळी खाती एका ट्रॉलीवर असतात. ज्या गल्लीत दरवर्षी देखावा होतो त्या गल्लीत फिल्मचं अर्धं युनिट तयार बसलेलं असतं. तुमचा पहिला प्रकाशयोजनाकार तिथला इलेक्ट्रिशियन आहे. त्याला विचारा.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. देखाव्यात शंभर फुटांवरच्या माणसाला दिसावं म्हणून हात मोठे करतात, आवाज चढवतात. कॅमेरा दोन फुटांवर असतो. देखाव्यात किंवा जत्रेच्या नाटकात मुरलेल्या माणसाला हे सांगितलं की तो रागावतो. मग एक युक्ती: त्याला फोनवर त्याचाच जवळून घेतलेला शॉट दाखवायचा. आपोआप हात खाली येतात.

चौथी पायरी: फोन आणि उजेड

फोन आहे तो चालेल. फक्त हे करा.

लेन्स शर्टाच्या आतल्या बाजूनं पुसा. हसू नका, धुरकट शॉट निम्म्या वेळा यामुळंच येतात. फोन आडवा धरा, एअरप्लेन मोडवर टाका. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश लॉक करा, नाहीतर माणूस हलला की चित्र आपोआप उजळतं-काळवंडतं. डिजिटल झूम करू नका, पायानं पुढं जा. स्टँड नसेल तर तांदळाची किलोभराची पिशवी खुर्चीवर ठेवून तिच्यात फोन रुतवा, छान स्थिर राहतो.

ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे फिरतात त्याचं कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड (सेटिंग हातानं बदलायची सोय) असेल तर सेकंदाला २५ चौकटी आणि शटर, म्हणजे एक चौकट टिपायचा वेळ, १/५० सेकंद ठेवा. पट्टे जातात.

दिवे भाड्यानं आणू नका. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर अंगणात जो उजेड असतो तो कुठल्याही दिव्यापेक्षा चांगला. घरात खिडकीजवळ माणूस बसवा, खिडकी त्याच्या एका बाजूला येऊ द्या. दुसरी बाजू फार काळी वाटली तर तिकडं पांढरी चादर धरा. हा गरिबीतला जुगाड नव्हे. सत्यजित राय यांचे छायाचित्रकार सुब्रत मित्रा यांनी 'अपराजितो'च्या वेळी सेटवर पांढरं कापड ताणून त्यावरून उजेड परतवला होता, अंगणात वरून येतो तसा दिसावा म्हणून. आणि रायबाबूंच्या पहिल्या फिल्मला हात लावण्याआधी याच सुब्रत मित्रा यांनी सिनेमाचा कॅमेरा कधी चालवला नव्हता.

पावसाचं मात्र बघा. खानापूर, जांबोटीकडं जुलैत शूटिंग ठेवलंत तर पत्र्यावरच्या पावसात संवाद ऐकू येणार नाहीत आणि वीज गेली तर चार्जिंगही नाही. पाऊसच दाखवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

पाचवी पायरी: आवाज, आवाज, आवाज

चित्र थोडं वाईट असलं तर लोक सोसतात. आवाज वाईट असला तर तीस सेकंदांत उठतात. हे मी शहाणपणानं सांगत नाही, पोळल्यामुळं सांगतोय. माझी पहिली फिल्म राजहंसगडावर केली. दृश्यं काय सुंदर! खाली सगळा बेळगाव, ढग, भगवा. घरी येऊन ऐकलं तर नुसता वारा. एकही संवाद शाबूत नाही. दिवसभर सहा जणांना राबवलं होतं आणि त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती.

तेव्हापासूनचा नियम: चित्र एका फोनवर, आवाज दुसऱ्या फोनवर. दुसऱ्या फोनला साधा कॉलर माइक लावा, तो नसेल तर रेकॉर्डर चालू करून फोन बोलणाऱ्याच्या खिशात किंवा चौकटीच्या बाहेर, तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. बाहेर असाल तर माइकवर मऊ मोजा चढवा. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिटिंगला टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की दोन्ही फोन जुळतात.

शॉटआधी एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसून ऐकायचं. पंखा बंद. फ्रिज बंद. फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे परत चालू केल्याशिवाय घरी जाता येत नाही. दुसऱ्याच्या घरचं दूध नासवलंत तर ती जागा पुन्हा मिळायची नाही. शेवटी त्या जागेची नुसती शांतता तीस सेकंद रेकॉर्ड करा. संवादांच्या मधल्या फटी भरायला ती लागते. प्रत्येक अंगणाची शांतता वेगळी असते, आमच्यात तर लांबून भजन येत होतं.

सहावी पायरी: माणसं, नाश्ता, कागद

आजीचं काम आमच्या शेजारच्या एका आजींनी केलं. कधी कॅमेऱ्यासमोर आल्या नव्हत्या. पाठांतर दिलं नाही. "नात कागद वाचणार, तुम्ही ऐका आणि जे वाटेल ते करा," एवढंच सांगितलं. खरा उतारा वापरला नाही, कोणाचं नाव-सर्व्हे नंबर पडद्यावर जाता कामा नये, म्हणून तसाच दिसणारा कागद घरी तयार केला. त्यात काय आहे ते त्यांना मुद्दामच सांगितलं नाही. चेहरा जो आला तो कोणत्याही शिकलेल्या नटीला सहज जमला नसता. २०१५ मधला 'तिथी' हा कन्नड चित्रपट मंड्याकडच्या गावांतल्या, कधी अभिनय न केलेल्या माणसांना घेऊन झालाय. तो बघा. नवख्यांकडून काम कसं घ्यायचं याचा धडा आहे.

पैसे देता येत नसतील तर पोटभर खायला द्या. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके बघत होत्या, वर फिल्मचं कामही करत होत्या. माझ्या फिल्मचा सगळ्यात मोठा खर्च उप्पीट, चहा आणि शेवटी वाटलेला पाव किलो कुंदा हाच होता.

ज्याच्या घरात शूट करता त्याची आणि ज्याचा चेहरा दिसतो त्याची साध्या कागदावर सही घ्या. लहान मूल असेल तर आई-वडिलांची. ओळखीचे आहेत म्हणून सोडू नका, भांडणं ओळखीच्यातच होतात.

आणि जागा. कॅम्पात लष्कराची हद्द आहे, तिथं फोन स्टँडवर लावून उभं राहू नका. स्टेशनवर शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते. किल्ल्यातली कमल बस्ती पुरातत्त्व खात्याची. भीमगडच्या जंगलात वनखात्याला विचारावं लागतं. सांबऱ्याजवळ विमानतळ आहे, तेव्हा मित्राचा ड्रोन उडवायचा विचारही नको. पहिल्या फिल्मला स्वतःचं अंगण, शेत, गोठा पुरतो. ड्रोन शॉटनं आजपर्यंत कोणाची झोप उडालेली मी ऐकली नाही.

सातवी पायरी: कापाकापी

त्याच रात्री सगळं दोन ठिकाणी उतरवून ठेवा, लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर. मग दोन दिवस हात लावू नका.

कॉम्प्युटरवर दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते, तिला जरा बरी मशीन लागते. हलक्या मशीनवर केडेनलाइव्ह चालतं, तेही मोफत. फोनवरही होतं, पण डोळे आणि धीर दोन्ही संपतात.

पहिल्यांदा सगळे तुकडे क्रमानं लावा. तीन मिनिटांची फिल्म सात मिनिटांची झालेली दिसेल. घाबरू नका. प्रत्येक तुकड्याचं पहिलं आणि शेवटचं सेकंद कापा. कोणी दारातून येऊन चालत खुर्चीपर्यंत जात असेल तर दार आणि खुर्ची ठेवा, चालणं कापा. मग आवाज बंद करून बघा. गोष्ट कळते का? वहीतल्या साठ ओळी इथं उपयोगी पडतात. त्या वेळी उत्तर न सापडलेल्या रिकाम्या जागा मला एडिटिंग करताना भरता आल्या.

आमच्या फिल्ममध्ये कागदाचा जवळून एक शॉट होता. तो ठेवायचा की नाही यावर आठ दिवस गेले. बेळगावातला प्रेक्षक कन्नड वाचतो, त्याला आजीच्या आधी सत्य कळतं. पुण्याचा प्रेक्षक आजीसारखाच कोरा राहतो. एकाच शॉटच्या दोन फिल्म्स होतात. शेवटी शॉट ठेवला आणि कागदाखाली मराठी सबटायटल दिलं नाही. सीमाभागात राहणाऱ्याला असे प्रश्न पडतात, ते मुंबईच्या माणसाला सुचणारही नाहीत. म्हणून दोन भाषांमध्ये वाढल्याची कुरकुर करू नका. संवादांना मात्र कन्नड आणि इंग्रजी सबटायटल द्या, आणि कन्नडचं काम कन्नड मित्राकडून तपासून घ्या, आपलं कन्नड बाजारापुरतं असतं.

गाण्यांचं थोडक्यात. आवडतं गाणं मागं टाकू नका. भारतात गीत-संगीताचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आणि ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा आहे, पण एखाद्या गायकानं गायलेलं त्याचं रेकॉर्डिंग नाही. गावच्या भजनी मंडळाला जुन्या पारंपरिक चालीत म्हणायला सांगा, स्वतः रेकॉर्ड करा, सही घ्या. पेटी थोडी बेसूर असली तर जास्तच चांगलं.

दाखवायचं कुठं

थेट यूट्यूबवर टाकायची घाई नको. काही महोत्सवांना आधी कुठं न आलेली फिल्म हवी असते, नियम वाचा. यूट्यूबला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही, तिकीट लावून थिएटरात दाखवायचं तर लागतं.

आपली जागा महोत्सवांच्या दृष्टीनं बरी आहे. इफ्फी हा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो, नोव्हेंबरात, चोर्ल्याच्या घाटातून पहाटे निघालात तर सकाळच्या शोला पणजीत. पुण्याला पिफ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव आहे, कोल्हापूरला महोत्सव होतो, बेंगळुरूला होतो. फिल्म पाठवण्याआधी एकदा नुसते प्रेक्षक म्हणून जा. एका दिवसात चार देशांचे चार सिनेमे बघितले की स्वतःच्या फिल्मबद्दलचा फाजील अभिमान आणि फाजील भीती, दोन्ही उतरतात.

यातच राहायचं ठरलं तर सिनेमा शिकवणारी पुण्याची सरकारी संस्था, एफटीआयआय, आहे. कोल्हापुरात १९२९ मध्ये सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये ज्या आवारात गेली, तेच हे आवार. छोटे अभ्यासक्रमही असतात. बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला सरकारी फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे, छायाचित्रण आणि ध्वनीच्या पदविकेसाठी. कर्नाटकात राहून आपली मुलं तिकडं बघतच नाहीत. नागराज मंजुळे यांची 'पिस्तुल्या' ही पहिली शॉर्टफिल्म नगरला शिकत असतानाची. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सैराट' नंतरचा, आणि त्याचा कन्नड रिमेकही निघाला.

घरी 'पोट कशावर भरणार?' विचारतील. बरोबरच विचारतात. लग्नाच्या शूटिंगला जा. नाक मुरडू नका. अक्षता एकदाच पडतात, रीटेक नाही. दोन सीझन लग्नं केलेला मुलगा कुठल्याही सेटवर गोंधळत नाही.

पण सगळ्यात आधी गल्लीत दाखवा. भिंतीवर चादर, मंडळाचा स्पीकर, कोणाकडून तरी मागून आणलेला प्रोजेक्टर. तुम्ही पडद्याकडं पाठ करून बसा आणि लोकांचे चेहरे बघा. कुठं मान खाली जाऊन फोन उघडला ते वहीत सेकंदासकट लिहा.

आम्ही उताऱ्याची फिल्म दाखवली तेव्हा कागदाच्या शॉटवर मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांच्या तोंडून 'अय्यो' निघालं, बाकीचे वळून त्यांच्याकडं बघायला लागले. संपल्यावर टाळ्या झाल्या, आजींना सगळ्यांनी घेरलं. गर्दी पांगल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाळा, त्या कागदात खरंच काय लिहिलं होतं रे?"

मी सांगितलंच नव्हतं. शूटिंगला नाही, नंतरही नाही. खिशात फोनवर त्या कागदाचा फोटो होता. तो काढला आणि ओटीवर बसून त्यांना एकेक ओळ वाचून दाखवली.